ग्लास धरून एकूण

सिकिहोरला बोटीतून उतरलो तेव्हा पाणी इतकं नितळ
की नांगराचा दोर तळापर्यंत मोजता आला असता.
हॉटेलातल्या मुलीने सांगितलं, जेवायला नँग फेलिसाकडे जा,
शेवटच्या तालिसाईखाली, कुत्रं झोपलेलं असेल तिथे.
तालिसाई म्हणजे आपला देशी बदाम निघाला.
कुत्रं झोपलेलं होतं.

मेनूकार्ड लॅमिनेट केलेलं, दोन्ही बाजूंनी भरगच्च,
कोपऱ्यातून पाणी शिरून फोटोतली कोळंबी निळी पडलेली.
मी तिच्यावर बोट ठेवलं.
"वला," नँग फेलिसा म्हणाली.
खेकडा?
"वला."
शब्दकोश उघडावा लागला नाही.
मग तिने ओठांचा चंबू करून समुद्राकडे केला
(इथे दिशा बोटाने नाही, ओठांनी दाखवतात)
तिकडे तिचा जुनरे गुडघाभर पाण्यात
होडीतून काहीतरी लांबट, चकचकीत उचलत होता.
आहे ते हे.

आगीने नाही, आंबटाने शिजलेला मासा.
माडाचं व्हिनेगर, आलं, आणि मिरची अशी
की याने चष्मा काढून डोळे पुसले.
कच्चा मासा खाल्ला हे घरी सांगायचं नाही, असं ठरलं.
भात झावळीच्या विणलेल्या पुड्यांत, मूठभर एकेक,
सुरीने मधोमध कापायचा.
जुनरे म्हणाला दोघांना सहा पुरतील.
नऊ संपले.
त्याच भरात याचा कोपर लागून ग्लास फुटला,
नँग फेलिसा केरसुणी घेऊन आली,
हात हलवला, जाऊ दे,
आणि आम्ही जाऊ दिलं.

दुसऱ्या संध्याकाळी मासा. तिसऱ्या संध्याकाळी मासा,
आणि मेनूकार्ड आणलंच नाही
याचा मला फार अभिमान वाटला.
शेजारी मनीलाहून आलेलं कुटुंब कराओकेत नाणी टाकत होतं.
आम्ही पुन्हा विचारलं, गमतीने, खेकडा?
तिने तेच उत्तर दिलं. आम्ही हसलो.
तीसुद्धा हसली, मला वाटतं.

चौथ्या संध्याकाळी चूल मागे नेलेली,
तालिसाईखाली प्लास्टिकच्या खुर्च्या,
खुर्च्यांवर सगळं गाव, ओठांत पुटपुट, हातांत मण्यांच्या माळा.
एका पाटावर मेणबत्ती आणि फोटो:
उन्हाने काळवंडलेला माणूस, डोक्यावर गवती टोपी,
दोन्ही हातांत एकेक खेकडा उंच धरलेला.
मानोय इस्को, जुनरे म्हणाला, आईचा भाऊ.
आज नववा दिवस.

मी तीस वर्षं लेखापरीक्षण केलं,
उलटी वजाबाकी आपोआप होते.
आम्ही आलो तो सहावा होता.

परत फिरणार तोच तिने दंडाला धरलं.
काओन ता, चला जेवू.
डुकराचं मटण, शेवया, नारळात शिजवलेला चिकट गोड भात,
माणसं सरकली, दोन खुर्च्या झाल्या,
कोणीतरी माझ्या ताटात दुसऱ्यांदा वाढलं, नाव न विचारता.
याने पाकीट काढलं तेव्हा तिने
ते त्याच्या हातासकट खाली दाबलं.
उरलेला भात केळीच्या पानात बांधून दिला.
खोलीवर आम्ही तो उभ्यानेच खाल्ला. बोललो नाही.

पाचव्या संध्याकाळी कुत्रं आपल्या जागी, चूल आपल्या जागी,
आणि पहिल्यांदाच बिल आपणहून आलं,
कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर, पाचही दिवसांचं.
मासा तीन... नाही, चार. बिअर सहा. भात तेवीस.
चौथ्या तारखेपुढे एक आडवी रेघ.
आणि सगळ्यात खाली, थोडं तिरकं:
ग्लास १. पस्तीस पेसो.

हा हसायला लागला. मी त्याला टेबलाखाली लाथ मारली.
इतका स्वच्छ हिशेब मी बँकांतही पाहिलेला नाही.
मोजून दिले. तिने मोजून घेतले,
सुट्टी नाणी परत केली, खवल्यांसकट.

मग आपणच ओठ समुद्राकडे केले.
जुनरे मामाच्या होडीत बसून
बांबूचे पिंजरे एकेक तपासत होता,
फाटलेल्यांना नवी सुतळी बांधत होता.
"उग्मा," ती म्हणाली. उद्या.
खेकडा.

आमची बोट सकाळी सहाची.